मैत्रीच्या गाण्यात मित्र कुठे उभा आहे : मूळ गाणे आणि त्याचे कव्हर

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे. महाविद्यालय सोडून पंचवीस वर्षे झाली, म्हणून तुमचा अकरा जणांचा गट विलेपार्ल्यातील एका सोसायटीच्या गच्चीवर जमणार आहे. तेथे सर्वांनी मिळून बीटल्स या चौघांच्या इंग्लिश बँडचे ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ गायचे ठरले आहे आणि त्यावरून गटात दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की मूळ ते मूळ, कव्हर (म्हणजे तेच गाणे दुसऱ्या कोणी पुन्हा गायलेले) कितीही गाजले तरी ते उसने. दुसरी बाजू म्हणते की इंग्लिश गायक जो कॉकर यांनी त्या साध्या गाण्याचे सोने केले, तेव्हा तेच बसवावे. या दोहोंची निःपक्षपाती तुलना कशी करायची आणि श्रेष्ठ कोणते, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिले आहे : मुख्य आवाज ज्या मित्राने द्यावा असा सगळ्यांचा आग्रह आहे, त्याचा गळा चार-पाच स्वरांच्या पलीकडे जात नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या वाक्यात आहे आणि दोन्ही गाण्यांची तुलनाही तेथूनच सुरू करायला हवी.

गेली अठ्ठावीस वर्षे मी मुंबईत संगीत संयोजन करतो. वाद्यवृंद, गणेशोत्सवातील कार्यक्रम, कार्यालयांचे सांस्कृतिक गट, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे अशा ठिकाणी माझे काम बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे एकाने गायलेले गाणे दुसऱ्याच्या गळ्यात आणि तिसऱ्याच्या वाद्यांवर बसवणे. काय ठेवले तर गाणे तेच राहील आणि काय बदलले तर ते दुसरेच होईल, हे मला पहिल्या तालमीच्या आधी ठरवावे लागते. त्यामुळे मूळ आणि कव्हर यांची तुलना हे माझ्यासाठी रोजचे काम आहे, आणि पुढे लिहिले आहे ते त्या कामातून आलेले आहे.

मैत्रीच्या गाण्यांसाठी मी एक वेगळी पद्धत पाळतो. प्रेमगीतात प्रिय व्यक्ती समोर नसली तरी चालते, किंबहुना तिच्या नसण्यावरच कितीतरी प्रेमगीते उभी असतात. मैत्रीच्या गाण्यात मात्र मित्र कुठेतरी असावा लागतो. तो सोबत गात असतो, किंवा मागून उत्तर देत असतो, किंवा त्याची जागा रिकामी ठेवलेली असते आणि ती रिकामी जागा आपल्याला ऐकू येते. म्हणून असे गाणे पहिल्यांदा ऐकताना मी पट्टी, ठेका, कॉर्ड यांपैकी काहीही टिपत नाही. कोणत्या ओळीला किती आवाज आहेत, ते कोणाचे आहेत आणि कोण कोणाला उद्देशून बोलत आहे, एवढेच कागदावर लिहितो. कव्हरचेही असेच टिपण करतो आणि दोन्ही कागद शेजारी ठेवतो. मित्राची जागा हलली असेल, तर कव्हर हे खरोखर नवे गाणे झाले आहे असे मी समजतो. ती हलली नसेल, तर बाकीचे बदल कितीही डोळ्यांत भरणारे असले तरी ते सजावटीचे आहेत.

त्याआधी ‘कव्हर’ या शब्दाचा गोंधळ दूर करायला हवा, कारण तुमच्या गटातील अर्धा वाद त्यातूनच आलेला दिसतो. कॅसेटच्या काळात आपल्याकडे ‘व्हर्जन’ म्हटले की चाल तीच, वाद्यांच्या जागा त्याच आणि फक्त आवाज नवा, असे समजले जाई. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेले ३१सी हे कलमही कव्हरकडे साधारण याच नजरेने पाहते. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षे जावी लागतात, मालकाला स्वामित्वधन द्यावे लागते, आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल मालकाच्या संमतीशिवाय शब्दांत किंवा चालीत करता येत नाही. ज्यांच्या मनात कव्हरचा हा अर्थ आहे, त्यांना ती उसनी गोष्ट वाटणे स्वाभाविक आहे. कॉकर यांनी केले ते याच्या अगदी उलट आहे. त्यांनी शब्द ठेवले आणि शब्दांखालची जमीन बदलली. एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन निरनिराळ्या कामांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

आता मूळ गाणे पाहू. हे गाणे १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बममधले आहे. ते मार्च १९६७ च्या अखेरीस लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले, बीटल्समधील जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी ते लिहिले आणि गायले मात्र बँडचे ड्रमवादक रिंगो स्टार यांनी. रिंगो हे त्या चौघांतले सर्वांत मर्यादित गळ्याचे गायक होते आणि गाणे त्यांच्यासाठीच बेतलेले होते. पट्टी पांढरी तीन (पाश्चात्त्य ई) आहे आणि मुख्य गायकाची चाल जवळजवळ पूर्णपणे षड्ज ते पंचम एवढ्या पाच स्वरांतच फिरते. ज्याला गाता येत नाही असे तो स्वतःच सांगतो आहे, त्याच्यासाठी मित्रांनी पाच स्वरांचे अंगण आखून दिले आहे, असे मला नेहमी वाटते. फक्त अगदी शेवटी, शेवटच्या शब्दावर, चाल तार षड्जापर्यंत चढते. हा एक स्वर रिंगो यांना अवघड गेला आणि मॅकार्टनी यांनी त्यांच्याबरोबर बसून तो काढून घेतला, हे सर्वज्ञात आहे. ध्वनिमुद्रण अभियंता जेफ एमरिक यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की रिंगो गात असताना बाकीचे तिघे माइकच्या जवळ उभे राहून त्यांना मूकपणे धीर देत होते. गाण्याचा विषय आणि ते गायले गेले ती खोली यांच्यात इतके कमी अंतर असल्याचे उदाहरण मला दुसरे सांगता येणार नाही.

आवाजांचे टिपण केले की हे आणखी स्पष्ट होते. पहिले कडवे रिंगो एकटे गातात. मी बेसूर गायलो तर तुम्ही काय कराल, उठून निघून जाल का, असा त्याचा आशय आहे. अल्बममध्ये या गाण्याच्या आधी एका काल्पनिक बँडने बिली शिअर्स या काल्पनिक गायकाची श्रोत्यांशी ओळख करून दिलेली असते, त्यामुळे हा प्रश्न मंचावर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसाचा, समोरच्या गर्दीला विचारलेला प्रश्न आहे. (पहिल्या खर्ड्यात श्रोते टोमॅटो फेकतील का असा प्रश्न होता, श्रोते ते खरोखरच फेकतील म्हणून रिंगो यांनी ती ओळ गायला नकार दिला आणि ती बदलली गेली.) त्यानंतर मात्र चित्र बदलते. एकटेपणा टोचतो का, पहिल्या नजरेतील प्रेमावर विश्वास आहे का, तुला कोणाची गरज आहे का, असे प्रश्न आता त्याचे सोबती मागून गाऊन विचारू लागतात आणि तो उत्तरे देतो. गर्दीला घाबरलेला माणूस गाता गाता गर्दीकडे पाठ करून मित्रांशी बोलू लागतो. मॅकार्टनी यांची बेस गिटारही नुसता ठेका न धरता स्वतःच्या छोट्या छोट्या चाली वाजवत त्याच्या मागे-पुढे फिरत राहते. चार मात्रांची, किंचित झुलती लय आहे आणि सगळे २ मिनिटे ४४ सेकंदांत आटोपते. यात कोठेही आक्रोश नाही, कारण ज्याला आधार मिळालेलाच आहे त्याला ओरडण्याचे कारण उरत नाही.

ध्रुवपदातील एक बारीक गोष्ट गिटार वाजवणाऱ्यांनी अवश्य पाहावी. मित्रांच्या मदतीने निभावून नेतो असे म्हणताना कॉर्ड कोमल निषादावरून मध्यमावर आणि मध्यमावरून षड्जावर येतात. पंचमावरचा कॉर्ड वापरला असता, तर षड्जावर येताना निकाल लागल्यासारखे, ठाम वाटले असते. या मार्गाने येताना जिना उतरून घराच्या ओट्यावर यावे तसे सहज वाटते. मी अनेक गटांना हे दोन्ही प्रकार वाजवून दाखवले आहेत आणि फरक सांगावा लागला नाही.

जो कॉकर यांचे ध्वनिमुद्रण १९६८ सालचे. ते शेफिल्डचे, गॅस जोडणीचे काम शिकलेले. आवाजात खर आणि ताकद दोन्ही असलेले हे गायक तेव्हा चोविशीत होते. त्यांनी चार मात्रांचे गाणे संथ सहा-आठमध्ये नेले. आपल्या भाषेत सांगायचे तर केरव्याच्या वळणाचे गाणे दादऱ्याच्या वळणावर आले, फक्त लय इतकी विलंबित की दोन ठोक्यांमधली पोकळी ऐकू यावी. सुरुवातीला टॉमी आयर यांचा ऑर्गन, जिमी पेज यांची गिटार आणि बी. जे. विल्सन यांचे ड्रम्स अशी लांबलचक प्रस्तावना आहे, मधल्या तुकड्यातील कॉर्ड बदलले आहेत आणि लांबी पाच मिनिटांच्या वर गेली आहे. पण माझ्या कागदावर सर्वांत आधी उमटते ते हे नव्हे. माझ्या कागदावर उमटते ते असे की मित्र निघून गेले आहेत आणि त्यांच्या जागी चर्चमधील समूहगायनाच्या धर्तीवर गाणारा स्त्रियांचा कोरस आला आहे.

हा बदल झाल्याबरोबर पहिल्या ओळीचाही अर्थ बदलतो. रिंगो बेसूर गाण्याची भीती व्यक्त करतात तेव्हा ती शब्दशः खरी असते. कॉकर यांच्यासारखा गायक तीच ओळ म्हणतो तेव्हा ती गाण्याविषयीची ओळ राहू शकत नाही, कारण हा माणूस गाऊ शकतो हे पहिल्या दोन शब्दांतच कळलेले असते. येथे बेसूर झालेले आहे ते त्याचे जगणे. आणि तुला कोणाची गरज आहे का हा प्रश्न मूळ गाण्यात मित्र खांद्यावर हात ठेवून विचारतात, तर येथे तो प्रश्न वरून, दूरवरून येतो आणि त्याचे उत्तर गायकाला जिवाच्या आकांताने द्यावे लागते. मूळ गाण्यात मदत मिळालेल्याचे समाधान आहे, कव्हरमध्ये मदतीची याचना आहे. शब्द तेच आहेत, फक्त त्यांचा काळ बदलला आहे : एक माणूस मदत मिळाल्यानंतर गातो आहे आणि दुसरा मिळण्याआधी.

येथे एक गुंतागुंत आहे आणि ती सांगितली नाही तर माझे विवेचन अपुरे राहील. १७ ऑगस्ट १९६९ रोजी अमेरिकेतील वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात कॉकर यांनी हे गाणे गायले तेव्हा त्यांच्याबरोबर स्त्रियांचा कोरस नव्हता. साथीच्या पुरुष वादकांनीच चोरट्या, उंच आवाजात त्या जागा भरल्या. हे चित्रीकरण पाहताना मला दर वेळी वाटते की स्टुडिओत निघून गेलेले मित्र मंचावर परत आले आहेत. कॉकर यांच्या कव्हरबद्दल बोलताना आपण कोणत्या कव्हरबद्दल बोलत आहोत, हे तुमच्या गटाने आधी ठरवावे. मला स्वतःला दोन्हींपैकी वुडस्टॉकचे अधिक जवळचे वाटते, कारण तेथे याचनाही आहे आणि ती ऐकणारे सोबतीही आहेत.

तुमच्या एका मित्राने दिलेला युक्तिवाद असा आहे की कव्हर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि मूळ गेले नाही, म्हणून कव्हर श्रेष्ठ. कव्हर नोव्हेंबर १९६८ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले हे खरे आहे. पण १९६७ साली मूळ गाण्याची ब्रिटनमध्ये स्वतंत्र एकेरी तबकडी निघालीच नव्हती, त्यामुळे जी शर्यत ते धावलेच नाही त्यात ते हरले असे म्हणता येणार नाही. उलट बाजूच्या मंडळींनीही हे लक्षात घ्यावे की २०१४ साली कॉकर यांचे निधन झाले तेव्हा मॅकार्टनी यांनी या कव्हरबद्दल मनापासून कृतज्ञता व्यक्त केली होती. ज्याने गाणे लिहिले त्याला ते उसने वाटले नाही.

आवाजांच्या संख्येवर मी इतका भर का देतो, याचे उत्तर आपल्या सर्वांना पाठ असलेल्या एका गाण्यात आहे. ‘शोले’ या १९७५ च्या चित्रपटातील ‘ये दोस्ती’ हे आनंद बक्षी यांनी लिहिलेले आणि राहुल देव बर्मन यांनी स्वरबद्ध केलेले गाणे किशोरकुमार आणि मन्ना डे यांच्या दोन आवाजांत आहे. पडद्यावर वीरू आणि जय आहेत, आणि ते गाणे दोन गळ्यांशिवाय उभे राहू शकत नाही. त्याच चित्रपटात तीच चाल दुःखी रूपात पुन्हा येते तेव्हा ती एकट्या किशोरकुमार यांच्या आवाजात आहे. दुसरा आवाज नाही, कारण तो मित्र राहिलेला नाही. संगीतकाराने येथे आपल्याच गाण्याचे एक प्रकारे कव्हर केले आहे. लय आणि वाद्ये बदलली आहेत हे खरे, पण काळजाला हात घालते ती दुसऱ्या आवाजाची अनुपस्थिती. मैत्रीच्या गाण्यात आवाजांची संख्या हाच अर्धा अर्थ असतो, हे मी या दोन रूपांकडून शिकलो.

शिकलो असे म्हणतो, पण त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी गिरगावात एका कार्यालयातील दोन मित्रांपैकी एकाच्या सेवानिवृत्तीचा कार्यक्रम होता आणि दोघांनी मिळून ‘ये दोस्ती’ गायचे ठरवले होते. निवृत्त होणाऱ्या गृहस्थांचा सूर डळमळत असे. शेवटच्या तालमीत मी ठरवले की कार्यक्रम बिघडू नये, आणि सगळे गाणे त्यांच्या सुरेल मित्राकडे दिले. गाणे उत्तम झाले, टाळ्याही मिळाल्या. मी कीबोर्डवर होतो आणि माझ्या समोरच पहिल्या रांगेत ते गृहस्थ बसले होते. त्यांच्या वाट्याच्या प्रत्येक ओळीला त्यांचे ओठ हलत होते. ज्यांचा निरोप होता त्यांनाच मी त्यांच्या मैत्रीच्या गाण्यातून बाहेर बसवले होते. त्यानंतर मी कोणत्याही मैत्रीच्या गाण्यातून कोणाचाही आवाज सुराच्या कारणाने काढलेला नाही. पट्टी बदलली आहे, ओळी वाटून दिल्या आहेत, आवाज झाकण्यासाठी व्हायोलिनची ओळ जोडली आहे, पण माणूस काढलेला नाही.

मित्राची जागा न हलवता केलेले चांगले कव्हर कसे असते, हेही थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक कव्हरने कॉकर यांच्यासारखी उलथापालथ केलीच पाहिजे असा समज होऊ नये. कॅरोल किंग यांचे ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ १९७१ च्या ‘टॅपेस्ट्री’ या अल्बममध्ये आले आणि त्याच वर्षी जेम्स टेलर यांनी ते गायले. किंग यांचे पियानोवर, काळी चार पट्टीत. टेलर यांचे गिटारवर, पांढरी सहामध्ये, म्हणजे अंतर जेमतेम अर्ध्या स्वराचे. किंग यांच्या ध्वनिमुद्रणात गिटार टेलर यांचीच आहे. कडवे मायनरमध्ये आणि ध्रुवपद मेजरमध्ये, अडचणीकडून आश्वासनाकडे जाण्याची ही मूळ रचना टेलर यांनी तशीच ठेवली. आणि मुख्य म्हणजे दोन्हींत गाणारी व्यक्ती हीच मदत देणारी मैत्रीण किंवा मित्र आहे. हाक मार, मी येईन, असे तीच सांगते आहे. टेलर यांच्या मागे जोनी मिचेल यांचा आवाज आहे, पण तो प्रश्न विचारत नाही, त्याच आश्वासनाला दुजोरा देतो. येथे श्रेष्ठ कोणते हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. ग्रॅमी पुरस्कारांत किंग यांना गीतासाठी आणि टेलर यांना गायनासाठी गौरवले गेले, आणि ती विभागणी मला न्याय्य वाटते. एकच वचन दोन माणसांनी दिले आहे, एवढाच त्यातला फरक आहे.

येथवरचे सूत्र एका वाक्यात धरायचे तर असे : आधी आवाज मोजावेत, मग कोण कोणाला बोलतो ते पाहावे, आणि त्यानंतर लय, पट्टी, वाद्ये यांनी त्या नात्याला बळ दिले की धक्का दिला ते तपासावे. तुमच्या गटाला घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. मूळ गाण्याची चाल कॉकर यांच्या संथ ठेक्यावर टाळी देत म्हणून पाहा आणि मग उलट करा. पहिल्या प्रयोगात पाच स्वरांची चाल इतक्या मोकळ्या जागेत ओकीबोकी वाटू लागते. दुसऱ्या प्रयोगात आक्रोशाला ताना घ्यायला वेळच उरत नाही. दोघांनीही आपापल्या ठेक्याला साजेल असेच गायले आहे, हे त्यातून कळते. दोन्ही एकत्र करून अर्धे असे आणि अर्धे तसे बसवावे, असा मध्यममार्ग कोणी सुचवेल. तो मी तुम्हाला सुचवणार नाही. मधेच ठेका बदलण्यासाठी ड्रमवादक मुरलेला लागतो आणि समाधानातून याचनेकडे जाण्याचे कारण गाण्यात तुम्हाला नव्याने निर्माण करावे लागेल.

आता निवड. ती परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्यातल्या काही गोष्टी तुम्ही कळवलेल्या नाहीत. तुमच्याकडे ऑर्गनचे लांब स्वर धरणारा कीबोर्डवादक, संथ लयीत न घसरणारा ड्रमवादक आणि तीन-चार खणखणीत स्त्री-आवाज असतील, तर कॉकर यांचे रूप शक्य आहे. यांपैकी एकही कमी असेल तर ते पोकळ वाटेल, कारण त्या लयीत लपायला जागा नाही. शिवाय गच्ची उघडी आहे. रात्री दहानंतर तेथे ध्वनिक्षेपक लावता येणार नाही आणि त्या गाण्यातील आरोळी ध्वनिक्षेपकाशिवाय मोकळ्या हवेत विरून जाते. तुमच्या वर्गातील एखादा मित्र आता हयात नसेल आणि त्याच्या आठवणीने तुम्ही हे गाणार असाल, तर मात्र माझे मत बदलेल. तेव्हा संथ लय आणि याचना हीच योग्य ठरेल, आणि मग साथ अपुरी असली तरी मी तुम्हाला अडवणार नाही.

तसे काही नसेल, तर मूळ रूप बसवा, आणि त्याचे कारण मूळ असणे हे नाही. ज्या मित्राचा गळा पाच स्वरांत फिरतो आणि ज्याने गावे असे दहा जणांना वाटते, त्याच्यासाठी दुसऱ्या एका गटाने १९६७ साली हेच केले होते. तुमच्याकडे गाण्यातील प्रसंग आयता घडतो आहे. कॉकर यांचे रूप त्याला दिले तर एक तर त्याची फजिती होईल, किंवा ते गटातील सर्वांत चांगल्या गायकाकडे जाईल आणि हा मित्र कोरसमध्ये जाऊन उभा राहील, आणि गाण्यातला मित्र तेथेच हरवेल.

बसवण्याच्या दृष्टीने चार गोष्टी सांगतो. मूळ पट्टी पांढरी तीन त्याला उंच वाटली तर पांढरी दोनमध्ये उतरवा. गिटारवर कडव्यासाठी डी, ए, ई मायनर, ए आणि ध्रुवपदासाठी सी, जी, डी एवढे उघडे कॉर्ड पुरतात, फक्त मधल्या तुकड्यात बी मायनर आणि ई यांची भर पडते, त्यामुळे नवशिक्या गिटारवादकालाही सामावून घेता येईल. ड्रम्सचा संच नको, काहोन (ज्यावर बसून हाताने वाजवतात ते लाकडी खोके) किंवा नुसती टाळी पुरेल. पहिले कडवे त्याला एकट्याला गाऊ द्या आणि त्या वेळी कोणीही गुणगुणू नका. पुढचे प्रश्न येतील तेव्हा तिघांनी त्याच्या अगदी जवळ उभे राहून ते विचारावेत, माइक वाटून घेऊन लांब उभे राहून नव्हे. प्रश्न प्रेक्षकांकडे पाहून विचारले तर ते कोरसचे होतात, त्याच्याकडे पाहून विचारले तरच ते मित्रांचे राहतात.

राहिला शेवटचा तार षड्ज. तो त्याला पहिल्या तालमीत लागणार नाही, असे धरूनच चाला. सगळ्यांनी मिळून वरचा स्वर घ्यावा आणि त्याने खालचा षड्ज धरावा, अशी सोय करता येते. पण ती सोय त्याला आधीच सांगू नका. दोन-तीन तालमी त्याच्या शेजारी उभे राहून तो स्वर त्याच्याबरोबर घेत राहा, बहुतेक वेळा लागतो. त्याचा सहज निघणारा षड्ज कोणता ते पेटीवर पाहून मला कळवा, आणि गटात स्त्री-आवाज किती व पुरुष-आवाज किती तेही लिहा. पट्टी कळली की प्रश्नांच्या ओळींची तीन आवाजांत वाटणी करून, सरगमसह लिहून देतो.